बाळंतिणीची खोली, साल 1930

मालिकेचा आजचा भाग बघितलात? 1930 सालची बाळंतीण बिथरलीय. सासू म्हणते, "बाधा झालेय, भूत उतरवणाऱ्या घाड्याला बोलवा." दीर म्हणतो, पोर काढून घ्या नि हिला रत्नागिरीच्या वेड्यांच्या इस्पितळात टाका. भांडण अस्सल, तपशील गंडलाय. उपचार म्हणून विजेचे झटके दाखवलेत. ते माणसाला प्रथम दिले 1938 साली, रोममध्ये! आणि असं परस्पर टाकता येत नसे. मनोरुग्णांसाठीच्या 1912 च्या कायद्याने लागे नातेवाइकाचा अर्ज, दोन वैद्यकीय दाखले, मग मॅजिस्ट्रेटचा हुकूम.

बाळंतपणानंतरचा हा उन्माद हजारात एकदोघींना होतो, बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत. आधी झोप उडते. मग संशय, भास. मध्येच ती अगदी शहाण्यासारखी बोलते, आणि घरचे तिथेच फसतात. "हे बाळ माझं नाहीच" असं म्हणाली, तर बाळासोबत एकटी ठेवू नका, रात्री तर नाहीच. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पण बाळ आईपासून तोडूही नका. कुणीतरी शेजारी बसून मांडीवर द्यावं. 2017 चा मानसिक आरोग्य कायदाही सांगतो, दाखल आईपासून तीन वर्षांखालचं मूल सहसा वेगळं करू नये. केलंच तर दर 15 दिवसांनी फेरविचार.

अडलं तर टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन: 14416.