आमची वाटचाल : सीनियर लिव्हिंगमधली काळजी तपासायचं काम

आमचा व्यवसाय काय हे सांगायला दरवेळी जरा वेळच लागतो. लोक विचारतात एजंट आहात का, जागा मिळवून देता का, तर नाही. आई-वडिलांसाठी सीनियर लिव्हिंग, म्हणजे म्हाताऱ्या माणसांनी राहायची निवासाची जागा, शोधणाऱ्या किंवा आई-वडील आधीच तिथे राहत असलेल्या घरांच्या वतीने आम्ही तिथे जातो, काळजी खरोखर कशी घेतली जाते ते बघतो आणि साध्या भाषेत रिपोर्ट लिहून देतो. फी घरच्यांकडून घेतो, जागा चालवणाऱ्यांकडून एक पैसाही घेत नाही, आणि हे पहिल्या दिवसापासून असंच आहे.

मी मूळची नर्स, बरीच वर्षं म्हाताऱ्या पेशंटच्या वॉर्डात काढली, आणि माझी पार्टनर फिजिओथेरपिस्ट, त्याच हॉस्पिटलमधली. तिथे वेगवेगळ्या निवासांमधून पेशंट यायचे, अ‍ॅडमिट करून अंग पुसायला वळवलं की माकडहाडावर जखम दिसायची आणि बाहेर मुलगा किंवा सून सांगत असायची की सिस्टर, जागा खूप चांगली आहे हो, बाग आहे, सगळे किती हसून बोलतात. ती माणसं बेफिकीर अजिबात नव्हती, दर आठवड्याला भेटायला जाणारी होती, फक्त कुठे बघायचं ते त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. बेडसोर, म्हणजे सतत एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणारी ही जखम, एका रात्रीत हाडापर्यंत जात नाही. सुरुवातीला नुसता लालसर डाग असतो, बोटाने दाबला तरी पांढरा पडत नाही, त्या वेळी लक्षात आलं आणि कूस बदलत राहिलं तर पुढचं बहुतेक वेळा टळतं, म्हणून तर अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायची असं आम्हाला शिकवतात. खोल जखम दिसली म्हणजे त्याआधी कितीतरी वेळा कोणी पांघरूण उचलून बघितलेलंच नाही. हे रोज बघून बघून शेवटी आम्ही दोघींनी नोकरी सोडली आणि हे काम सुरू केलं.

सुरुवातीला हाताशी एक भलामोठा फॉर्म होता, बाथरूममध्ये आधाराचे दांडे आहेत का, बेल बेडवरून हाताला लागते का, रात्री नर्स आहे का, रॅम्प, लिफ्ट, आग लागली तर बाहेर पडायचा रस्ता, सगळं. हे आजही बघतो, सोडलेलं काही नाही. पण त्यावरून कळतं ते एवढंच की काळजी घेण्याची सोय आहे, ती घेतली जाते का हे वेगळं बघावं लागतं. अ‍ॅवेडिस डोनाबेडियन नावाच्या डॉक्टरांनी 1966 मध्ये वैद्यकीय सेवेचा दर्जा तपासताना तीन गोष्टी बघाव्यात असं मांडलं होतं, सोयी काय आहेत, प्रत्यक्ष काम कसं होतं आणि त्यातून माणसाचं काय झालं. आमचा आजचा रिपोर्ट याच तीन भागांत असतो आणि घरच्यांना आम्ही सांगतो की शेवटच्या भागापासून वाचा.

आता काम कसं होतं हे बघायचं तर जेवणाच्या वेळेला पर्याय नाही. आमची पहिली व्हिजिट कायम जेवणाच्या वेळी असते आणि त्यात आम्ही खूप वेळ नुसतं बसतो. ज्यांना हाताने जेवता येत नाही त्यांना भरवणारी व्यक्ती शेजारी बसून भरवते की उभ्या-उभ्या, एका वेळी किती जणांना भरवते, घास गिळून होईपर्यंत थांबते का, ठसका लागला तर काय करते, ताट उचलताना त्यात किती उरलंय हे कोणी बघतं का की सरळ उचलून नेतात. पाण्याचा ग्लास कुठे ठेवलाय ते तर मी आधी बघते. वय झालं की तहानेची जाणीव कमी होते, त्यात ग्लास हात पोचणार नाही अशा टेबलावर असेल तर माणूस पाणी मागतही नाही, मग अंगातलं पाणी कमी होतं, लघवीचं इन्फेक्शन होतं आणि एक दिवस अचानक आजी असंबद्ध बोलायला लागतात, घरच्यांना वाटतं विसरण्याचा आजार वाढला. खूपदा मूळ कारण ग्लासाशी असतं. म्हणून अचानक बदल झाला तर वयोमानाने झालं असेल असं म्हणून सोडून देणारा स्टाफ आणि लगेच ताप, पाणी, लघवी, नवीन गोळी हे सगळं तपासणारा स्टाफ, यातला फरक आम्ही रिपोर्टमध्ये ठळक लिहितो.

वजनाचं रजिस्टर मागतोच मागतो. ठरवून कमी केलेलं नसताना एका महिन्यात 5 टक्के किंवा सहा महिन्यांत 10 टक्के वजन उतरलं तर ते गंभीर धरतात, आणि चांगल्या ठिकाणी अशा नोंदीपुढे काहीतरी लिहिलेलं असतं, दात तपासले, कवळी सैल झाली होती, गिळायला त्रास होतोय म्हणून दाखवलं, असं. नुसते आकडे महिन्यामागून महिने उतरत गेलेत आणि पुढे कोणाची सही सोडून काही नाही, तर तिथे वजन घेतात पण वाचत कोणी नाही.

पडण्याच्या नोंदींबद्दल लोकांचा हमखास गैरसमज असतो. आमच्याकडे कोणी पडतच नाही असं एखादा मॅनेजर सांगतो तेव्हा घरच्यांना बरं वाटतं, आम्ही मात्र तिथे जास्त खोदून विचारतो, कारण चालती-फिरती म्हातारी माणसं जिथे राहतात तिथे कोणी ना कोणी कधीतरी पडतंच, मग एकतर नोंद होत नाही किंवा माणसांना खुर्चीतून उठूच देत नाहीत. आणि खुर्चीतच बसवून ठेवलं की पायातली ताकद लवकर जाते, पुढचं पडणं जवळच येतं. आम्ही विचारतो शेवटचं कोण पडलं, किती वाजता, त्यानंतर काय बदललं. रात्री बाथरूमला जाताना पडले, मग त्या वाटेवर दिवा लावला, झोपेची गोळी डॉक्टरांना दाखवून कमी केली, असं उत्तर आलं तर मला त्या जागेबद्दल विश्वास वाटतो. माझी पार्टनर शक्य असेल आणि ती व्यक्ती हो म्हणाली तर एक साधी टेस्ट घेते, खुर्चीतून उठायचं, तीन मीटर चालायचं, वळून परत येऊन बसायचं, 12 सेकंद किंवा जास्त लागले तर पडण्याचा धोका आहे असं समजतात. ही टेस्ट तिथला स्टाफ स्वतः घेतो का, हेही त्यातून कळतं.

गोळ्यांच्या बाबतीत आम्ही डॉक्टरांच्या कामात नाक खुपसत नाही, पण एक प्रश्न प्रत्येक ठिकाणी असतो, शांत ठेवणारी गोळी कोणाला चालू आहे आणि कशासाठी. डिमेन्शिया, म्हणजे विसरण्याचा आजार, असलेल्या वृद्धांमध्ये नव्या पिढीतल्या अँटिसायकोटिक औषधांनी (मुळात भ्रम-भासांवरची, पण शांत ठेवायलाही देतात ती) मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2005 मध्येच दिलाय, 2008 मध्ये जुन्या औषधांनाही तो लागू केला. काही वेळा ती द्यावी लागतात हे मला वॉर्डातून माहीत आहे. पण संध्याकाळी सगळी खोली पेंगलेली दिसली, कोणाची मान छातीवर, कोणाच्या तोंडातून लाळ, तर आम्ही थांबतो आणि विचारतो. डिमेन्शियाच्या बऱ्याच माणसांची बेचैनी संध्याकाळी वाढते, नेमकी त्याच सुमारास शिफ्ट बदलत असली की माणसं कमी असतात, त्यामुळे दुसरी व्हिजिट आम्ही मुद्दाम संध्याकाळी ठेवतो आणि जमल्यास सुट्टीच्या दिवशी.

मग येतो स्टाफ. किती जण आहेत हा आकडा तर लागतोच पण मला त्याहून जास्त महत्त्वाचं वाटतं की तीच माणसं टिकतात का. रोज नवा चेहरा अंघोळ घालायला आला तर लाजेने कोणीही आक्रसून जाईल, आणि आजी सहकार्य करत नाहीत असा शेरा वहीत पडतो. आम्ही केअरगिव्हरना बाजूला विचारतो, ताई, या आजोबांना सकाळी काय आवडतं, आधी काय काम करायचे, कशाने चिडतात. जिथे काळजी चांगली असते तिथे उत्तरं भराभर येतात, वर अजून दोन गोष्टी त्या स्वतःहून सांगतात. शिफ्ट बदलताना हॅन्डओव्हर कसा होतो तेही बघतो, दारातच दोन वाक्यं बोलून की प्रत्येक माणसाजवळ उभं राहून. आणि कान देऊन ऐकतो की माणसासमोर त्याच्याबद्दल कसं बोलतात. "ही आज जेवलीच नाही," असं आजींच्या डोक्यावरून बोललेलं आणि "आजी, आज जेवावंसं वाटत नाहीये का?" असं वाकून विचारलेलं, दोन्ही ठिकाणी कदाचित ताट तेवढंच उरलेलं असेल, पण माझ्या रिपोर्टमध्ये या दोन जागा फार लांब असतात.

आमच्या कामाला खरं वळण मिळालं ते डिमेन्शियाच्या काळजीवर काम केलेल्या टॉम किटवूड यांच्यामुळे. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठात त्यांनी आणि कॅथलीन ब्रेडिन यांनी डिमेन्शिया केअर मॅपिंग म्हणून पद्धत तयार केली, त्यात निरीक्षक सामाईक हॉलमध्ये बसून दर पाच मिनिटांनी नोंदवतो की ही व्यक्ती काय करतेय आणि तिला बरं वाटतंय की नाही. त्याचं रीतसर ट्रेनिंग असतं, आम्ही ती पद्धत जशीच्या तशी वापरतो असा दावा करत नाही, पण एका कोपऱ्यात बसून एकाच माणसाकडे तासभर बघत राहायचं ही सवय आमच्या टीमने तिथूनच घेतली. तासाभरात त्या माणसाशी कोणी बोललं का, कामाशिवाय बोललं का, त्याने हात वर केला तेव्हा कोणी बघितलं का. नवीन येणाऱ्या प्रत्येकीला आम्ही आधी हेच करायला लावतो, फॉर्म नंतर हातात देतो. काही जणींना हे फार जड जातं, बघून डोळ्यात पाणी येतं, त्यांनी तसं सांगितलं की आम्ही दुसरं काम देतो, यात कमीपणा काही नाही.

पैशाची बाजूही सांगते कारण नवीन लोक विचारतात. सुरुवातीची वर्षं ओढाताणीची होती, बघून येण्याचे पैसे कशाला द्यायचे, ब्रोशर तर फुकट मिळतं, असं लोकांना वाटायचं. त्याच काळात एका मोठ्या ग्रुपकडून ऑफर आली की आमच्याकडे माणसं पाठवा, प्रत्येक अ‍ॅडमिशनमागे कमिशन देऊ. हातात पैसा नव्हता, तरी दोघींनी त्याच संध्याकाळी नाही कळवलं. ज्याच्याकडून पैसे घेतो त्याच्या पेशंटच्या पाठीवरची जखम लिहिताना हात अडखळणार, हे वॉर्डात काम केलेल्या माणसाला वेगळं समजवावं लागत नाही. धंदा सावरला तो नंतरच्या व्हिजिटमुळे. अ‍ॅडमिशन झाल्यावरही दर थोड्या महिन्यांनी जाऊन बघून या अशी मागणी घरच्यांनीच केली, आणि आता आमचं जास्तीत जास्त काम तेच आहे, कारण मॅनेजर बदलला, मालक बदलला, दोन जुन्या ताई सोडून गेल्या की तीच जागा वर्षभरात ओळखू येत नाही. माणसाची गरजही बदलते. अंघोळ, कपडे, शौचास जाणं, उठणं-बसणं, लघवी-शौचावर ताबा आणि जेवण, सिडनी कॅट्झ या डॉक्टरांनी 1963 मध्ये दिलेल्या या सहा गोष्टी आम्ही प्रत्येक भेटीत परत बघतो, यातलं एखादं स्वतःहून जमेनासं झालं असेल आणि मदतीचा प्लॅन जुनाच असेल तर लगेच फोन करतो. करार वाचतानाही हेच डोक्यात ठेवतो, गरज वाढली तर इथेच सांभाळतील की जागा सोडायला सांगतील, नोटीस किती दिवसांची, हे कुठे लिहिलंय.

अजून एक गोष्ट, जी मी प्रत्येक घराला पहिल्याच मीटिंगमध्ये सांगते. ज्यांना तिथे राहायचंय त्यांना विचारा. 1976 मध्ये एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञ बायकांनी अमेरिकेतल्या एका नर्सिंग होममध्ये प्रयोग केला, एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं तुमचे निर्णय तुम्ही घ्या आणि ही कुंडी तुमची, पाणी तुम्ही घाला, दुसऱ्या मजल्यावरही कुंड्या दिल्या पण काळजी स्टाफ घेईल म्हणाले, तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त खुश आणि जास्त सावध होती. तेव्हापासून या विषयावर काम करणारे बरेच जण हेच सांगतायत, तरी अजूनही कितीतरी ठिकाणी उठायची वेळ, अंघोळीची वेळ, झोपायची वेळ स्टाफच्या सोयीने ठरते. आम्ही राहणाऱ्यांना एकट्याने भेटतो आणि विचारतो की आज सकाळपासून तुम्ही स्वतः काय ठरवलंत. काही जण खूप वेळ विचार करतात आणि काहीच आठवत नाही म्हणतात, ते उत्तर आम्ही जसंच्या तसं लिहितो.

सध्या आम्ही रात्रीच्या व्हिजिट वाढवतोय. बेल वाजली की किती वेळात कोणी येतं, डायपर बदलतात का, कूस बदलल्याची नोंद खरोखर त्या त्या वेळी होते की पहाटे एकदम सगळ्या सह्या होतात, हे दिवसा कळत नाही. घरच्यांचं आणि राहणाऱ्यांचं लेखी संमतीपत्र असतं, जागेला आधी कळवतो, फक्त कोणत्या रात्री येणार ते सांगत नाही. काही ठिकाणी मोकळेपणाने दार उघडतात, एका ठिकाणी तर रात्रपाळीच्या ताईंनीच बोलावून सांगितलं की आम्ही दोघीच आहोत, इतक्या माणसांना पुरत नाही, हे लिहा. ते लिहिलं आणि तिथे तिसरी व्यक्ती आली. काही ठिकाणी परवानगी नाकारतात, तर ते नाकारल्याचंही आम्ही रिपोर्टच्या पहिल्याच पानावर, त्यांनी दिलेल्या कारणासकट टाकतो.