३० जूनपर्यंतची निष्ठा

फुटबॉलमध्ये खेळाडूशी नवा करार झाला की क्लब एक फोटो टाकतो. टेबल, पेन, मागे बोधचिन्हांचा पडदा, आणि खेळाडूच्या हातात जर्सी. पाठीवर नंबराच्या जागी करार संपण्याचं साल. २०२८. २०३०. खाली चाहते बदाम उधळत असतात. मी आधी ते साल बघतो आणि त्यातून दोन वजा करतो. खोडच आहे. २०३० असेल तर त्या पोराची काळजी २०२८च्या उन्हाळ्यापर्यंत मिटली. त्यापुढे एक दिवसही नाही.

दोनच का, हे ज्यांनी आपल्या संघाचा एखादा हिरा फुकटात जाताना पाहिलाय त्यांना सांगायला नको. दोन वर्षं उरलेली असताना क्लबच्या हातात किंमतही असते आणि वेळही. सही कर, नाहीतर विकतो, असं तोंड वर करून म्हणता येतं. एक वर्ष उरलं की किंमत घसरते, कारण गिऱ्हाईक थांबायला तयार असतं. शेवटच्या सहा महिन्यांत, म्हणजे १ जानेवारी उजाडली की, इंग्लंडमधला खेळाडू परदेशी क्लबशी पुढच्या मोसमाचा करार उघडपणे करू शकतो. देशातल्या क्लबशी तेव्हा करता येत नाही, पण त्याने काय अडतंय? ३० जूनला करार संपतो आणि ट्रान्सफरचे, म्हणजे खेळाडू विकल्याचे, जे पैसे आपल्या क्लबला मिळायचे, ते वाढीव पगार, सहीचा बोनस आणि एजंटची दलाली अशा तीन वाटांनी दुसरीकडे जातात. पैसे वाचत कुणाचेच नाहीत. फक्त खिसा बदलतो.

मी आर्सेनलवाला, म्हणजे लंडनच्या त्या क्लबचा चाहता. त्यामुळे हा अभ्यास मी हौसेने केलेला नाही. अलेक्सिस सांचेझ आणि मेसूत ओझिल, दोघांचे करार एकाच उन्हाळ्यात, २०१८ला संपत होते. इथेच पहिली चूक. संघाच्या आधारस्तंभांचे करार एकाच साली संपू द्यायचे नसतात, कारण एक गेला की दुसऱ्याच्या एजंटला भाव आपोआप कळतो. जानेवारी २०१८मध्ये सांचेझ मँचेस्टर युनायटेडला गेला, बदल्यात मखितारियान आला. अदलाबदल, रोकड शून्य. मग ओझिलही गेला तर लोक काय म्हणतील या धास्तीने काही दिवसांतच त्याला आठवड्याला साडेतीन लाख पौंडांच्या घरातला करार दिला गेला, असं तेव्हा सगळीकडे छापून आलं. आता ड्रेसिंग रूममधला प्रत्येक जण आपला पगार त्या आकड्याशी ताडून बघणार, हे ओघानेच आलं. पुढच्या वर्षी ॲरन रॅमसी फुकटात इटलीतल्या युव्हेंटसला. आणि ओझिल? २०२०-२१च्या मोसमात त्याचं नाव खेळाडूंच्या यादीतही नव्हतं. जानेवारी २०२१मध्ये तो तुर्कीच्या फेनरबाचेला गेला, तोही फुकटच. या सगळ्यात निष्ठावान कोण आणि गद्दार कोण, हे मला आजही ठरवता येत नाही. नालायक कोण होतं ते मात्र ठरवता येतं: ज्याच्याकडे कॅलेंडर होतं आणि ज्याने ते पाहिलं नाही तो.

तिशी ओलांडली की हिशेब उलटा होतो. मग क्लबलाच लांबचा करार नको असतो. आर्सेनलचा प्रशिक्षक वेंगरच्या काळात तिशीपुढच्याला वर्षाचाच करार, हा शिरस्ता होता. आमच्या फ्रेंच रोबेर पिरेसचं उदाहरण अजून सलतं. २००६ची चॅम्पियन्स लीग फायनल, पॅरिस, त्याचाच देश. अठराव्या मिनिटाला गोलकीपर लेहमानला लाल कार्ड. दुसरा गोलकीपर आत आणायचा तर कुणाला तरी बाहेर काढणं भाग होतं, आणि बोर्डावर पिरेसचा नंबर लागला. आर्सेनलसाठी तो पुन्हा खेळला नाही. क्लब एक वर्ष देत होता, स्पेनच्या व्हियारेआलने दोन दिली, तो गेला. बत्तिशीतल्या माणसाला त्या दुसऱ्या वर्षाचं मोल काय असतं, ते फक्त त्याच्या गुडघ्याला ठाऊक. पण तेव्हाही ‘दोन वर्षांसाठी गेला’ म्हणणारे होतेच.

निष्ठेची गोष्ट निघाली की हमखास कुणीतरी जुन्या काळात जातं. पूर्वी खेळाडू जन्मभर एकाच क्लबला खेळायचे म्हणे. खेळायचे, खरं आहे. इंग्लंडचा टॉम फिनी लीगमध्ये प्रेस्टन या क्लबसाठीच खेळला. १९५२मध्ये इटलीतल्या पालेर्मोने त्याला दहा हजार पौंड, बंगला आणि गाडी देऊ केली होती. प्रेस्टनच्या अध्यक्षांनी नाही म्हटलं आणि विषय संपला. इंग्लंडमध्ये तेव्हा पगाराला कमाल मर्यादा होती. १९६१च्या जानेवारीत ती उठली तेव्हाही ती आठवड्याला अवघी २० पौंड होती. त्याहून वाईट म्हणजे करार संपला तरी नोंदणी क्लबकडेच राहायची. पगार बंद, पण दुसरीकडे खेळायचं नाही. न्यूकासलच्या जॉर्ज ईस्टहॅमने याविरुद्ध कोर्टात धाव घेतली आणि १९६३मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. तरीही करार संपलेल्या खेळाडूचे पैसे मागायची रीत युरोपात उरलीच होती. ती मोडली ज्याँ-मार्क बोसमानने. बेल्जियमचा मधल्या फळीतला साधा खेळाडू. त्याच्या क्लबने, लीजने, पगार चौथाईवर आणला आणि फ्रान्सच्या डंकर्क क्लबला जाऊ द्यायलाही नकार दिला. १५ डिसेंबर १९९५ला युरोपीय न्यायालयाचा निकाल आला, तोवर बोसमानची कारकीर्द जवळपास संपली होती. आज जो कुणी फुकटात जाऊन गडगंज होतो, त्याने त्याच्या नावाने एकदा तरी ग्लास उंचवायला हरकत नाही.

तेव्हा जुन्या निष्ठेत किती निष्ठा होती आणि किती कुलूप, हे कुणी तपासून पाहिलेलं नाही. दार उघडं असताना थांबलेले वेगळे. टोटी इटलीच्या रोमा क्लबात २०१७पर्यंत राहिला, ७८६ सामने, ३०७ गोल. त्याला रेआल माद्रिदचं दार उघडं होतं. असे मोजके. त्यांचा पुतळा उभारा, पण त्यांची फूटपट्टी करू नका.

करारातली एक तरतूद मला फार आवडते. इंग्लंडमध्ये सहीचा बोनस एकरकमी मिळत नाही, वर्षाला समान हप्त्यांत मिळतो. क्लबने विकलं तर उरलेले हप्ते खेळाडूला द्यावे लागतात. पण खेळाडूने स्वतः ‘मला जाऊ द्या’ असं लेखी दिलं, तर ते बुडतात. म्हणून लेखी कुणी देत नाही. मग काय होतं? सरावात चेहरा पडतो, मांडीचा स्नायू अचानक दुखू लागतो, एजंट ओळखीच्या पत्रकाराला फोन करतो, सोशल मीडियावरून क्लबचा फोटो गायब होतो. आपण चाहते याला चारित्र्याचा दोष समजतो. निम्म्या वेळा तो हप्त्यांचा प्रश्न असतो.

महत्त्वाकांक्षेचंही असंच. ‘क्लबला महत्त्वाकांक्षा उरलेली नाही’ हे वाक्य कोणत्या महिन्यात उच्चारलं जातं ते बघावं. ऑक्टोबर २०१०मध्ये युनायटेडच्या वेन रूनीने निवेदन काढलं: मोठे खेळाडू आणण्याची हमी क्लब देत नाही, म्हणून मी सही करणार नाही. दोन दिवसांनी त्याने पाच वर्षांच्या करारावर सही केली. त्या दोन दिवसांत युनायटेडने एकही खेळाडू विकत घेतला नव्हता.

आर्सेनलच्या रॉबिन व्हॅन पर्सीचं मात्र मला खोटं म्हणता येत नाही, हीच अडचण. २०१२च्या जुलैत तोही म्हणाला, क्लबच्या वाटचालीबद्दल माझं पटत नाही. एक वर्ष उरलेलं; युनायटेडने २ कोटी ४० लाख पौंड मोजले. त्या मोसमात त्याने लीगमध्ये २६ गोल केले. २२ एप्रिल २०१३ला हॅटट्रिक मारून विजेतेपद नक्की केलं आणि पुढचा सामना नेमका आर्सेनलच्या मैदानावर, एमिरेट्सवर. रिवाजाप्रमाणे आर्सेनलच्या खेळाडूंनी दोन रांगा करून नव्या विजेत्यांना टाळ्या वाजवायच्या. वाजवल्या. कालपर्यंतचा आपला कप्तान त्या रांगांमधून मान खाली घालून भराभर निघून गेला आणि स्टँडमधून जे काही ऐकू आलं ते इथे लिहिण्याजोगं नाही. दुसऱ्याच मिनिटाला आमच्या वॉलकॉटने गोल केला. मग आमच्याच सान्याने व्हॅन पर्सीला पाडलं, पेनल्टी, ती त्यानेच मारली. एक-एक. त्या दिवशी शिव्या घालणाऱ्यांत ज्यांचा अनुभव मोठा, ते खासगीत कबूल करतात की त्याचं बरोबर होतं. जाहीरपणे नाही करत. मीही नाही.

आणि ट्रेंट अलेक्झांडर-आर्नॉल्ड. सहाव्या वर्षापासून लिव्हरपूलमध्ये. ज्या मोसमात लीग जिंकली त्याच मोसमाच्या शेवटी करार संपवून माद्रिदला. महत्त्वाकांक्षेचं निमित्तही नव्हतं, त्याला फक्त जायचं होतं. ११ मे २०२५ला आमच्याविरुद्ध तो मैदानात उतरला तेव्हा लिव्हरपूलच्याच मैदानाने, ॲनफिल्डने, हुर्यो उडवली. लिव्हरपूलचा कप्तान जेरार्ड २००५मध्ये इस्तंबूलला चॅम्पियन्स लीग जिंकल्यानंतर सहा आठवड्यांत चेल्सीला निघाला होता आणि रात्रीत मन बदललं, हे तिथे सहसा कुणी काढत नाही. ट्रेंटने २०२१मध्ये चार वर्षांचा करार केला, चारही वर्षं भरली. क्लब वर्ल्ड कपसाठी तो महिनाभर आधी हवा म्हणून माद्रिदने वर सुमारे एक कोटी युरो दिले. करार पूर्ण करणाऱ्याला गद्दार म्हणायचं असेल, तर करार करायचा कशाला?

खरा विनोद हिशेबाच्या वहीत आहे. दहा कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला, तर वहीत दर वर्षी दोन कोटी खर्च पडतो. आठ वर्षांचा करार केला तर सव्वा कोटीच. चेल्सीने २०२३मध्ये मुद्रिक आणि एन्झो फर्नांडेझशी साडेआठ वर्षांचे करार केले ते याच गणितावर. मग आधी युरोपच्या फुटबॉल संघटनेने, यूएफाने, आणि वर्षाअखेर प्रीमियर लीगने, करार कितीही लांबवा, खर्च पाच वर्षांतच वाटा, असा नियम केला. तीन वर्षांनी तोच खेळाडू पाच कोटींना विकला, तर वहीत त्याची चार कोटी किंमत उरलेली असते. नफा एक कोटी. आता अकादमीत वाढलेलं पोर घ्या. ते विकत घेतलेलंच नाही, म्हणून वहीतली किंमत शून्य. पाच कोटींना विकलं की अख्खे पाच कोटी नफा. तीन वर्षांत साडेदहा कोटी पौंडांहून जास्त तोटा दाखवायचा नाही या तेव्हाच्या नियमात अडकलेल्या क्लबने आधी कुणाला विकावं? मेसन माउंट सहाव्या वर्षी चेल्सीत आला, २०२३मध्ये युनायटेडला गेला, साडेपाच कोटी. कॉनर गॅलगर तिथलाच, मोसमभर बहुतेक सामन्यांत दंडावर कप्तानाची पट्टी. पुढच्या उन्हाळ्यात ॲटलेटिको माद्रिदला. ज्याचं नाव गात स्टँड मोठा झाला, तोच विकायला सगळ्यात सोयीचा. याला निष्ठाभंग म्हणत नाहीत. नियोजन म्हणतात.

हॅरी केनने चषकासाठी आमचं शेजारी हाडवैरी टॉटनहॅम सोडलं. २०२५च्या मेमध्ये त्याला बायर्नकडून जर्मनीची लीग, बुंडेसलीगा, मिळाली आणि त्याच महिन्यात टॉटनहॅमने त्याच्याविना युरोपा लीग जिंकली. मी आर्सेनलवाला असल्याने यावर अधिक बोलत नाही.

क्लबची महत्त्वाकांक्षा खरेदीच्या आकड्यांत नसून सह्यांच्या तारखांत दिसते, असं माझं मत. ऑक्टोबर २०२२ ते सप्टेंबर २०२३ या एका वर्षात आमच्या गॅब्रियल, मार्टिनेली, साका, सालिबा आणि ओडेगार्डने मुदतवाढ घेतली. त्या वर्षी लीग हातची गेली होती, तरी मी निर्धास्त होतो.

पण ही सगळी वरच्या मजल्यावरची भांडणं. खालच्या विभागांतले क्लब मोसम संपला की मे महिन्यात एक यादी लावतात: ठेवलेले, बोलणी चालू असलेले, सोडलेले. तिसऱ्या रकान्यात तेहतीस वर्षांचा बचावपटू असतो, वर्षावर्षाच्या करारांवर खेळत आलेला, एप्रिलमध्ये गुडघा फिरलेला. अकादमीतली अठरा वर्षांची पोरं असतात, ज्यांना दुसरं काही शिकवलेलंच नाही. खाली एक ओळ असते, क्लब त्यांचे आभार मानतो. पगार ३० जूनपर्यंत.