तुम्ही विचारलंत म्हणून: एकाच हॉस्पिटलात कंटाळा नाही आला?

इंटर्नशिपला नवी मुलं आली की आठवड्याभरात कुणीतरी विचारतंच, "मॅडम, सव्वीस वर्षं एकाच हॉस्पिटलात? कंटाळा नाही आला?" नातेवाइकांचा प्रश्न वेगळा असतो: "म्हणजे फिजिओथेरपीच ना?" नाही, ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे ओटी: आजारानंतर किंवा दुखापतीनंतर माणसाला रोजची कामं पुन्हा स्वतः करता यावीत यासाठीचे उपचार. पण हे उत्तर देणं मी सोडून दिलंय. 'मी ओटीत असते' म्हटलं की अर्ध्या लोकांना ऑपरेशन थिएटर वाटतं, तेही आता चालवून घेते.

हॉस्पिटल एकच, पण नोकऱ्या मी पाच-सहा केल्या. पहिली हाताच्या ओपीडीत. गाळ्यांमधल्या पॉवर प्रेसखाली बोटं सापडलेली पोरं यायची. टेंडन, म्हणजे बोट वाकवणारी दोरी, शिवल्यावर हाताच्या मागच्या बाजूने स्प्लिंट, म्हणजे आधाराची कडक पट्टी, लागतो. थर्मोप्लास्टिकची शीट गरम पाण्यात मऊ करायची, पुसायची आणि गार होऊन कडक व्हायच्या आत हातावर बेतायची. माझा पहिला स्प्लिंट दिसायला झकास होता. दोन दिवसांनी पेशंट परत आला, तर मनगटाच्या करंगळीकडच्या हाडावर लालभडक वळ. तिथे जागा सोडायची राहून गेली होती.

आमच्या मॅडम रागावल्या नाहीत. माझ्याच उजव्या हातावर तसाच स्प्लिंट करायला लावला आणि म्हणाल्या, "आज हा घालून घरी जा." संध्याकाळी दादरहून ठाण्यापर्यंत, लेडीज सेकंड क्लास. पर्सची चेन उघडेना, पास निघेना, दांडा धरता येईना. कुर्ल्याला एका बाईंनी उठून जागा दिली, वर "पोलिसात तक्रार केलीस का?" असंही विचारलं. त्यानंतर पेशंटचा हात बघण्याआधी मी विचारायला लागले: घरी कसे जाता? दांडा कुठल्या हाताने धरता?

मग मानसोपचार वॉर्ड. खरं सांगायचं तर तिथे जायची माझी इच्छा नव्हती. कुणाचीच नसते. रजेवर गेलेल्या सहकारीणीच्या जागी महिनाभरासाठी पाठवलं आणि मी चार वर्षं राहिले. स्किझोफ्रेनियाचे एक काका होते, त्यांना आठ कप चहा करायचा होता. पाणी उकळायच्या आधीच दूध ओतायचे आणि पातेल्याकडे बघत थांबायचे. चहाच्या पायऱ्या किती, हे मी तोवर मोजलंच नव्हतं. काकांसाठी मोजल्या, चित्रं काढून ओट्यामागच्या भिंतीवर चिकटवल्या.

त्याचा उपयोग झाला न्यूरोच्या वॉर्डात. पक्षाघातानंतरचा नियम सगळ्यांना पाठ असतो: घालताना अधू हात आधी बाहीत, काढताना शेवटी. पण एका आजींच्या हातात जोर परत आला होता, तरी पोलकं घालता येईना. कापड हातात धरून नुसत्या बसायच्या. सगळे म्हणाले, मन लागत नाही. मला मात्र ते काका आठवले. आजींची पुढची पायरीच सुटत होती.

बर्न्सचं, म्हणजे भाजलेल्यांच्या वॉर्डाचं, थोडक्यात सांगते: व्रण दबून राहावेत म्हणून घट्ट प्रेशर गारमेंट दिवसाचे तेवीस तास घालायचे, हे मे महिन्यात मुंबईतल्या माणसाला पटवून द्यायचं. तिथे मी भांडायला शिकले.

पगार, बढती? बढती कासवाच्या गतीने. माझ्या बॅचच्या निम्म्याहून जास्त मुली लहान मुलांच्या खासगी सेंटरमध्ये किंवा परदेशात गेल्या, पैसाही तिथेच आहे. मला कधी हेवा वाटला नाही असं नाही. पण देशातलं ओटीचं पहिलं शिक्षण ज्या परळच्या केईएममध्ये कमलाबाई निंबकरांनी १९५० साली सुरू केलं, त्याच शहरात 'ओटी म्हणजे मुलांची थेरपी' एवढंच उरावं, हे मला खटकतं. म्हणून रजेची बदली निघाली की हात वर करा, विशेषतः नकोशा वॉर्डासाठी.

सध्या मी आयसीयूत जाते. शुद्धीवर आलेल्या पेशंटला पहिलं काम देते ते ओल्या रुमालाने स्वतःचा चेहरा पुसायचं. काल एकजण हनुवटीपर्यंत पोचला. आज गालाचं बघू.