लिअरचे उघडे हात

सेंट पीटर्सबर्ग, १८५८. कृष्णवर्णीय अमेरिकन नट आयरा ऑल्ड्रिज शेक्सपिअरचा किंग लिअर करतोय. डोक्यावर कागदाच्या लगद्याचा, गोऱ्या कातडीच्या रंगाचा टोप, पार भुवयांपर्यंत उतरलेला, त्याला चंदेरी बटा. नाकावर मेणाची भर, गालांवर रंगाचा जाड लेप, उरलेला चेहरा पांढऱ्या दाढीत. हात मात्र रंगवलेलेच नाहीत. बाहीतून ते काळेच दिसतात. हे वर्णन प्रयोग पाहिलेल्या एका फ्रेंच समीक्षकाचं. चेहऱ्यावर एवढी मेहनत घेणारा नट हात रंगवायला विसरला असेल, हे मला पटत नाही.

लिअर, शायलॉक, मॅकबेथ, तिसरा रिचर्ड या गोऱ्या भूमिका त्याने घेतल्या, त्यामागे गरजही होती. दौऱ्यावरच्या नटाला एकाच गावात नाटकं बदलत राहावी लागत. ऑथेल्लो, ओरूनोको, झँगा अशा काळ्या नायकांच्या भूमिका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. इंग्लंडात शोकांतिकेनंतर त्याच रात्री हलकंफुलकं नाटक लावायची पद्धत होती. मग ऑथेल्लो मेल्यावर हाच नट 'द पॅडलॉक'मधला गाणारा नोकर मंगो होऊन परत येई. 'टायटस अँड्रॉनिकस' तर त्याने चक्क नव्याने लिहून घेतलं आणि त्यातल्या काळ्या खलनायकाचा, एरनचा, नायक केला.

जन्म न्यूयॉर्कचा, १८०७ चा. तिथे कृष्णवर्णीयांच्या 'आफ्रिकन ग्रोव्ह' नाट्यगृहाचे प्रयोग गुंडांनी आणि पोलिसांनी बंद पाडले. ऑल्ड्रिज इंग्लंडला गेला. मार्च १८३३ मध्ये लंडनच्या कोव्हेंट गार्डन नाट्यगृहात ऑथेल्लो करताना नामवंत इंग्रज नट एडमंड कीन रंगमंचावर कोसळला आणि एप्रिलमध्ये ती भूमिका ऑल्ड्रिजकडे आली. ऑथेल्लोची गोरी बायको डेस्डिमोना होती एलेन ट्री. गोऱ्या नटीला काळ्या नटाने हात लावावा, हेच काही वृत्तपत्रांना खुपलं. दोन प्रयोग, आणि संपलं. गुलामगिरी बंद करण्याचा कायदा ब्रिटिश संसदेने त्याच वर्षी केला!

१८५२ पासून तो युरोपभर फिरला. तो इंग्रजीत बोलायचा, सोबतचे नट बहुधा जर्मनमध्ये. लांब स्वगताला अडचण नाही. खरी कसोटी 'ऑथेल्लो'च्या तिसऱ्या अंकात. तिथे ऑथेल्लोच्या मनात बायकोविषयी संशय पेरणारा इयागो त्याचेच शब्द उचलून त्याच्यावर परत फेकतो. 'हा माझाच प्रतिध्वनी करतोय', असं ऑथेल्लो चिडून म्हणतो. एक शब्द इंग्रजीत आणि त्याचा प्रतिध्वनी जर्मनमध्ये आला, तर कानाला प्रतिध्वनी उरतच नाही. मग संशय वाढताना दाखवायचा तो नजरेतून, थांबण्यातून, इयागोकडे वळण्याच्या वेगातून. समोरच्यालाही भाषा न कळता वाक्य कुठे संपतं ते ओळखावं लागतं. एक ओळ गाळली तरी त्याची एंट्री चुकते. पीटर्सबर्गच्या प्रेक्षकांनी हाच ऑथेल्लो डोक्यावर घेतला, आणि युक्रेनी कवी-चित्रकार तारास शेव्चेन्कोने तिथेच त्याचं चित्र काढलं.

७ ऑगस्ट १८६७ रोजी पोलंडमधल्या वूच शहरात, दौऱ्यावर असतानाच तो गेला. त्याची कबर तिथेच आहे.