ईमचं रजिस्टर: ऑगस्ट १६६६ पर्यंत आलो

मंडळी, इंग्लंडमधल्या डर्बीशायरच्या ईम गावाचं काम बऱ्यापैकी पुढे सरकलंय. प्लेगच्या काळातल्या दफनाच्या नोंदी एक्सेलमध्ये टाकतोय, चर्चच्या हिशोबाने एकूण २७३ नावं, आणि आता सगळ्यात वाईट महिन्यात आहे.

नव्याने कोणी इंग्लंडची जुनी रजिस्टरं हातात घेत असाल तर एक सांगून ठेवतो, १७५२ च्या आधी तिकडे वर्ष २५ मार्चला बदलायचं, म्हणजे फेब्रुवारी १६६५ लिहिलं असेल तर तो आपला फेब्रुवारी १६६६. वर्षाचे दोन कॉलम ठेवा, नाहीतर सॉर्ट मारला की थंडीत गेलेली माणसं साथ यायच्या आधीच मेलेली दिसतात!

तारखा नीट लागल्या की गोष्टच वेगळी दिसते. पहिला बळी जॉर्ज विकार्स, शिंप्याकडे राहणारा, ७ सप्टेंबर १६६५ ला पुरला, लंडनहून आलेल्या कापडातून पिसवा आल्या असं सांगतात. ऑक्टोबरात आकडा चढतो, थंडीत उतरतो, आणि जूनपासून परत सुरू. रेक्टर, म्हणजे गावच्या चर्चचा पाद्री, विल्यम मॉम्पेसन आणि त्याच्या आधीचा थॉमस स्टॅन्ली, ज्याला धर्माच्या भानगडीत पदावरून काढलं होतं, या दोघांनी मिळून गाव बंद करायचं ठरवलं ते या जूनमध्ये. म्हणजे नऊ महिन्यांनी! आपण ऐकतो ते असं की रोग आला नि गावाने लगेच स्वतःला कोंडून घेतलं. मॉम्पेसनने तर स्वतःची मुलं आधीच बाहेर पाठवली होती, बायको कॅथरीन मात्र मागे राहिली आणि ऑगस्टमध्ये गेली. त्यांचा त्याग खोटा नाही, पण उशिरा आणि बराच विचार करून केलेला आहे, मला तरी तो त्यामुळे जास्त पटतो.

बंदीत चर्चच्या आवारात पुरणं थांबलं, ज्याने त्याने आपल्या जागेत पुरायचं. एलिझाबेथ हॅनकॉकने ३ ते १० ऑगस्टमध्ये नवरा आणि सहा मुलं पुरली, एकटीने. त्या सात ओळी टाईप करून लॅपटॉप बंदच केला त्या दिवशी. ती स्वतः वाचली, त्यामुळे या शीटमध्ये ती नाहीच.

आता पुढे १६६७ नंतरची लग्नं घेणार, विधवा-विधुरांनी घरं परत कशी मांडली ते बघायचंय. शिशाच्या खाणींचं गाव आहे, त्यामुळे बाहेरून मजूर आले का तेही आडनावांवरून कळेल बहुतेक. लग्नाच्या नोंदींसाठी कोणाकडे चांगला कॉलमचा साचा असेल तर द्या, माझा फार गचाळ आहे.