आत्यासाठी वाळ्याचे अत्तर

गेल्या चैत्रात आमच्या आत्याला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या घरी सगळे जमणार होते आणि भेट काय द्यावी यावर महिनाभर आधीपासून फोनाफोनी चालू होती. साडी नको, शाल नको, चांदीचे काही नको, कपाटात आता बोट शिरायलाही जागा नाही, असे आत्याने स्वतःच बजावून ठेवले होते. तेव्हा मी अत्तर देईन असे सांगून मोकळी झाले, आणि सांगितल्यावर धास्ती वाटू लागली, कारण सुगंधी वस्तू भेट देण्यात मी पूर्वी एकदा चुकले आहे आणि ती चूक माझ्या मनातून गेलेली नाही.

पाच-सहा वर्षांपूर्वी वहिनीच्या वाढदिवसाला मी एका मोठ्या दुकानातून परदेशी परफ्युम घेतला होता. काउंटरवरच्या मुलीने कागदाच्या पट्टीवर फवारा मारून पट्टी माझ्या हातात दिली. नुकत्याच सोललेल्या संत्र्याच्या सालीसारखा ताजा, हलका वास आला, मला तो फार आवडला आणि दहा मिनिटांच्या आत मी पैसे देऊन बाहेर पडले. वहिनीने तो लावला त्या संध्याकाळी मात्र तासाभरात संत्र्याची साल कुठल्या कुठे गेली आणि मागे उरला तो निशिगंध आणि व्हॅनिला यांचा दाट, गोड, डोक्यात भिनणारा वास. वहिनीला अर्धशिशीचा त्रास आहे, हे मला ठाऊक होते. ती मला एका शब्दाने बोलली नाही, पण ती भरलेली बाटली आरशाजवळ दोन वर्षे तशीच उभी होती आणि त्या खोलीत गेले की माझी नजर आधी तिच्यावर जाई.

नंतर कळले ते असे की स्पिरिटमध्ये बनवलेला परफ्युम एकाच वासाचा नसतो. लिंबू, संत्रे, बर्गमॉट यांसारखी चटकन उडून जाणारी द्रव्ये आधी नाकाला भेटतात आणि पंधरा-वीस मिनिटांत, फार तर अर्ध्या तासात निघून जातात. त्यानंतर फुलांचा आणि मसाल्यांचा भाग वर येतो, आणि चंदन, कस्तुरीच्या जातीचे वास, व्हॅनिला, राळ ही जड द्रव्ये शेवटपर्यंत अंगावर राहतात. दुकानात आपण पसंत करतो तो पहिला भाग, आणि ज्याला भेट देतो त्याला दिवसभर सोबत करायची असते ती शेवटच्या भागाची. मी वहिनीसाठी अर्ध्या तासाचा वास विकत घेतला होता.

म्हणून या वेळी दुकानात जाण्याआधी मी आत्याकडे चार दिवस येत-जात राहिले आणि तिला काही न विचारता नुसते बघत राहिले. अंगाला चंदनाचा साबण, डोक्याला साधे खोबरेल, त्यात कसलाही वास नाही. बाजारची उदबत्ती लावली की ती खोकते, म्हणून देवापुढे फक्त तुपाचे निरांजन असते. मोगऱ्याचे दिवस सुरू झाले की दोन फुले निरीच्या टोकाला खोचलेली असतात, केसांत माळत नाही. स्पिरिटचा वास तिला सोसत नाही आणि देवाला तर तो चालतच नाही. पूजेत नानापरिमलद्रव्य म्हणायची वेळ आली की तिला बोटावर घेऊन मूर्तीला लावता येईल असे तेलातले अत्तरच लागते. एवढे बघितल्यावर फवाऱ्याच्या बाटल्या आपोआप बाद झाल्या.

अत्तर कोणते हे मात्र मला पिण्याच्या पाण्याने सांगितले. आत्याच्या स्वयंपाकघरात अजून माठ आहे आणि त्या माठात तिने दोऱ्याने बांधलेली वाळ्याची जुडी सोडलेली असते. इकडे ग्वाल्हेरात सगळे खस म्हणतात, आमच्या घरात वाळाच म्हणतात. पेला तोंडाला लावला आणि मी लहान असतानाचे मे महिन्याचे दुपारचे घर आठवले. बाहेर पारा ४५ अंशांकडे चाललेला, लू सुटलेली, आणि पश्चिमेच्या दारांना वाळ्याचे पडदे. दर तासाला आत्या पितळी लोट्याने त्या पडद्यांवर पाणी मारी, आणि पाणी पडल्याबरोबर त्या मुळांतून जो गारवा घरात येई त्याला नुसता वास म्हणणे मला जिवावर येते. पुढे कूलर आले, पडदे माळ्यावर गेले आणि तिथेच त्यांचा भुगा झाला. आत्याने आयुष्यातले चाळीस उन्हाळे त्या वासात काढलेले होते. मला नवीन काही शोधायचेच नव्हते.

बाड्याच्या, म्हणजे आमच्या महाराज बाडा चौकाच्या, मागच्या एका गल्लीत अत्तराचे जुने, जेमतेम चार माणसे उभी राहतील एवढे दुकान आहे. गुलाब, मोतिया, केवडा, हिना, शमामा, मिट्टी, मजमुआ, सगळ्यांच्या काचेच्या कुप्या एका लाकडी मांडणीवर, उन्हापासून आत, अंधाऱ्या बाजूला. ही जागा मी आता मुद्दाम बघते. अत्तर असो की परफ्युम, ऊन आणि उष्णता ही दोन्ही त्याला मारक असतात, आणि आमच्या गावच्या उन्हाळ्यात रस्त्याकडे तोंड करून काचेच्या कपाटात महिनोन्‌महिने मांडलेली बाटली मी फुकट मिळाली तरी घेणार नाही. एकदा तशी घेतली होती. सील नीट होते, पण आतला वास आंबूस झालेला होता आणि दुकानदाराने ती बदलून दिली नाही.

मी खस मागितल्यावर दुकानदाराने दोन कुप्या काढल्या. एकीच्या झाकणाची काचेची कांडी काठावर निथळून त्याने माझ्या डाव्या मनगटावर, जिथे नाडी लागते तिथे, तांदळाच्या दाण्याएवढी रेघ ओढली आणि उजव्या मनगटावर दुसऱ्या कुपीतली. मी लगेच हात नाकाशी नेला तेव्हा तो म्हणाला, "अभी नहीं बहनजी, घर जाकर सूँघिए." विकणारा माणूस घरी जायला सांगतो, हे मला फार आवडले. मनगटे एकमेकांवर न घासता, बाड्यावरून चालत, रिकाम्या हातांनी मी घरी आले.

डाव्या हातावरचा वास दुकानात जसा होता तसाच रात्रीपर्यंत होता, गोडसर, हिरवा, सरबतासारखा, आणि मग एकदम संपला. उजव्या हातावरचा आधी मला मुळीच आवडला नव्हता. तांब्याच्या भांड्यात रात्रभर राहिलेल्या पाण्यासारखा, किंचित कडवट. स्वयंपाक होईपर्यंत तो कडवटपणा निवला आणि ओल्या मुळांचा वास आला. रात्री झोपताना हात उशीवर होता आणि त्या हाताला माठाच्या तळाचा वास येत होता. सकाळी आंघोळीनंतरही मनगटाच्या घडीत तो थोडा शिल्लक होता. मला आणखी कसोटी लागली नाही. दुकानात एका वेळी सात-आठ वास घेऊन निवड करणारी माणसे बघितली की मला त्यांना थांबवावेसे वाटते. दोन, फार तर तीन वासांनंतर नाक थकते, आणि तेव्हा कॉफीच्या बिया हुंगण्यापेक्षा दाराबाहेर जाऊन उभे राहावे किंवा आपल्याच धुतलेल्या बाहीत नाक खुपसावे, तेवढे पुरते.

दोन कुप्यांच्या भावात चौपट फरक होता, आणि तो का असतो हे मी दोन वर्षांपूर्वी भिंड-इटाव्यामार्गे कन्नौजला गेले होते तेव्हा डोळ्यांनी पाहिले होते. तिथे अजूनही देग-भपक्याच्या पद्धतीने अत्तर निघते. देग म्हणजे तांब्याचा मोठा हंडा. त्यात फुले किंवा मुळे आणि पाणी घालून झाकण बसवतात, फटी माती आणि कापसाने लिंपतात, आणि खाली लाकडाची किंवा शेणीची आच देतात. वाफ बांबूच्या नळीतून, तिला चोंगा म्हणतात, पाण्याच्या हौदात बसवलेल्या लांब मानेच्या भपक्यात उतरते. भपक्यात आधीपासून चंदनाचे तेल असते, आणि वाफेतला सुगंध त्या तेलात जिरतो. आच किती, भपका कधी बदलायचा, हे तिथला कारागीर भपक्याला हात लावून आणि वाफेचा आवाज ऐकून ठरवतो. मिट्टीच्या अत्तरासाठी फुलांच्या जागी भाजलेली माती घालतात. पहिल्या पावसाचा वास कुपीत येतो तो असा.

सगळी मेख त्या चंदनाच्या तेलात आहे. चंदन महाग झाले तशी भपक्यात चंदनाऐवजी लिक्विड पॅराफिनसारखी स्वस्त तेले घालण्याची चाल पडली, आणि पुष्कळ स्वस्त कुप्यांत तर फुलाचा संबंधच नसतो, प्रयोगशाळेत केलेला वास तेलात मिसळलेला असतो. असा वास वाईटच असतो असे मी म्हणणार नाही. पण भेट म्हणून अत्तर घेताना 'बेस कशाचा आहे' हा प्रश्न सरळ विचारावा, आणि दुकानदार उत्तर द्यायला कांकूं करू लागला तर पायऱ्या उतराव्यात. कसलाही बेस नसलेल्या निव्वळ अर्काला रूह म्हणतात. रूह खस तांब्याच्या देगेमुळे हिरवट रंगाची असते आणि तिचा भाव साध्या अत्तराच्या कित्येक पट असतो. रूह गुलाब तर सोन्याच्या हिशेबात बोलायची वस्तू आहे, कारण किलोभर अर्कासाठी हजारो किलो पाकळ्या लागतात. कोणी दोनशे रुपयांत रूह गुलाब देऊ करत असेल तर ती रूह नाही, एवढे नक्की. भावाची ही चौकशी काही आजची नाही. आमच्या ग्वाल्हेरजवळ आंतरीला ज्याची कबर आहे त्या अबुल फजलने अकबराच्या दरबारातल्या सुगंधी द्रव्यांची नोंद केली, तेव्हा त्याने प्रत्येकाचा भावसुद्धा लिहून ठेवला.

मी चंदनाच्या बेसचे अर्धा तोळा घेतले. तोळा म्हणजे साधारण पावणेबारा ग्रॅम, आणि अत्तर थेंबाने वापरायचे असते. आत्याला ते तीन-चार उन्हाळे पुरेल. मोठ्या बाटलीचा मोह भेट देताना फार होतो, पण शंभर मिलिलिटरची बाटली संपता संपत नाही आणि घेणाऱ्याच्या मनावर तिचे ओझे होते. हिना आणि शमामा ही थंडीची अत्तरे, खस, मिट्टी आणि गुलाब उन्हाळ्याची, हा जुना रिवाज मला पटतो. थंडीतला वाढदिवस असता तर मी कदाचित हिना घेतली असती.

त्याच महिन्यात भाच्याला पहिली नोकरी लागली म्हणून परफ्युमही घेतला, त्याबद्दल थोडेच लिहिते. बाटलीवर ओ द परफ्युम लिहिलेले असेल तर सुगंधी द्रव्य साधारण १५ ते २० टक्के, ओ द तॉयलेट असेल तर ५ ते १५ टक्के आणि कोलन असेल तर त्याहूनही कमी, असा ढोबळ हिशेब असतो. (तापात कपाळावर ठेवायच्या यूडीकोलनच्या पट्ट्या आमच्या पिढीला आठवत असतील, ते यूडीकोलन म्हणजे जर्मनीतल्या कोलोन शहराचे पाणी, आणि तिथे १७०९ साली सुरू झालेली फारिना घराण्याची पेढी आजही आहे.) वातानुकूलित कार्यालयात दहा माणसांत बसणाऱ्या मुलाला मी तॉयलेटच दिले, तेही ३० मिलिलिटरचे, आणि आधी त्याच्याच हातावर लावून दोन तास त्याच्याबरोबर बाजारात फिरले, कारण माझ्या कातडीवर जे खुलते ते त्याच्या कातडीवर खुलेलच असे नाही. खोक्यावर आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि छापील किंमत आहे ना, एवढे पाहून घेतले. ज्यांना दमा आहे किंवा ज्यांच्या अंगावर पुरळ उठते त्यांना मात्र आधी न विचारता यातले काहीही देऊ नये. तिथे अचानक भेट देण्याची हौस बाजूला ठेवावी.

वाढदिवसाच्या दिवशी दुपारी जेवणे उरकल्यावर मी कुपी आत्याच्या हातात दिली. वेष्टन केले नव्हते, तिच्याच जुन्या चांदीच्या अत्तरदाणीत कुपी ठेवून दिली होती. तिने काचेची कांडी काढली, सवयीने आधी डाव्या हाताच्या मागच्या बाजूला लावली, जशी ती चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला येणाऱ्या बायकांना लावत असे, आणि हात नाकाशी न नेता तशीच बसून राहिली. थोड्या वेळाने तिने पश्चिमेच्या दाराकडे पाहिले आणि विचारले, "पडदे कोणी भिजवले गं?"

मग तिने कापसाचा बोळा मागवला, त्याला एक थेंब लावून फाया केला आणि कानाच्या पाळीच्या वर, घडीत ठेवला. दुसरा थेंब देवघरात गेला. संध्याकाळी वहिनीने आपणहून हात पुढे केला, आत्याने तिच्या मनगटावर कांडी टेकवली, आणि रात्री निघेपर्यंत वहिनीचे डोके दुखले नव्हते. आता आत्याचे म्हणणे असे की त्यातले थोडे वहिनीला आणि थोडे मला काढून द्यायचे आहे, त्यासाठी दोन रिकाम्या कुप्या आण. उद्या बाड्यावर जाणार आहे.