प्लेन्स: जिमी कार्टरांच्या गावी एक दिवस

प्लेन्स हे अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांचे गाव, जॉर्जिया राज्यातले. राज्याची राजधानी अटलांटाहून तिथे पोहोचायला मोटारीने अडीच-तीन तास लागतात. शेवटच्या तासाभरात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तांबडी, उघडी शेते दिसत होती. मार्च महिना असल्यामुळे भुईमूग अजून पेरलेला नव्हता. गाव जेमतेम सहाशे वस्तीचे आहे. रेल्वेरुळालगत दुकानांची एकच ओळ आणि पलीकडे लाकडी स्थानक. १९७६ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत जिमी कार्टरांनी प्रचाराचे कार्यालय याच स्थानकात थाटले, कारण स्वच्छतागृह असलेली रिकामी इमारत गावात तेवढीच एक होती. एका दुकानातून मी उकडलेल्या शेंगांची पुडी घेतली. पाच-सहा वर्षांचे असताना कार्टर याच रस्त्यावर अशाच शेंगा विकत असत. चव थेट आमच्या घरच्या शेंगांची होती, फक्त मीठ दुप्पट.

गावापासून तीन-चार किलोमीटरवर आर्चरी येथे त्यांच्या लहानपणचे शेतघर जतन केले आहे. मला प्लेन्समध्ये सर्वांत जास्त वेळ कुठे घालवावासा वाटला असेल, तर तो इथे. हे कुटुंब आजूबाजूच्या कृष्णवर्णीय कुळांच्या मानाने सधन होते, घराशेजारी टेनिसचे मैदानही होते. तरीही १९३५ पर्यंत पाणी अंगणातल्या विहिरीतून ओढून आणावे लागे आणि वीज आली ती १९३८ मध्ये. १९३५ साली वडिलांनी पवनचक्की बसवली आणि घरात नळ आला. न्हाणीघरात छताला टांगलेला पत्र्याचा डबा आहे, त्याच्या तळाला भोके पाडलेली आहेत; तोच त्या घरचा शॉवर. त्या भोकांकडे पाहत मी बराच वेळ उभा राहिलो, कारण आदल्याच दिवशी अटलांटाच्या कार्टर संग्रहालयात मी पाणी गाळायचे कापड पाहिले होते.

ते कापड होते नारू या जंताच्या रोगापासून बचावासाठीचे. माझ्या आजीच्या घोट्यावर नारूचा व्रण होता. गावच्या पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरताना हा रोग लागतो, एवढे तिला ठाऊक होते. बाकीचे मला त्या संग्रहालयात नीट कळले. साचलेल्या पाण्यातल्या सूक्ष्म जीवांवाटे अळ्या पोटात जातात, वर्षभराने हातभर लांबीचा जंत बहुधा पायाच्या फोडातून बाहेर येतो, आग होते म्हणून माणूस पाय पाण्यात बुडवतो आणि पाणी पुन्हा दूषित होते. यावर लस नाही आणि औषधही नाही. जंत काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढून काढायचा, पाणी गाळून प्यायचे आणि रुग्णाला पाणवठ्यात उतरू द्यायचे नाही, इतकाच उपाय आहे.

१९८० ची निवडणूक हरून कार्टर गावी परतले, तेव्हा ते छप्पन्न वर्षांचे होते आणि शेंगांचा धंदा कर्जात बुडाला होता. इराणमध्ये अमेरिकी वकिलातीतल्या लोकांना ओलीस धरल्याच्या प्रकरणाने त्यांच्या कारकिर्दीवर काळी छाया टाकली होती. मी स्वतः त्यांना फार यशस्वी राष्ट्राध्यक्ष मानत नाही, इजिप्त आणि इस्रायल यांच्यात त्यांनी घडवलेला कॅम्प डेव्हिडचा करार सोडला तर. पण १९८२ मध्ये त्यांनी पत्नी रोझलिन यांच्यासह कार्टर सेंटर स्थापन केले आणि १९८६ पासून ही संस्था नारूच्या मागे लागली. तेव्हा २१ देशांत दरवर्षी अंदाजे ३५ लाख लोकांना हा रोग होत होता. इथे माजी राष्ट्राध्यक्षपदाचा खरा उपयोग झाला: जे दार आरोग्यसेवकाला उघडत नाही, ते कार्टरांना उघडे. १९९५ मध्ये सुदानमधील यादवीत त्यांनी दोन्ही बाजूंना शस्त्रे खाली ठेवायला लावली, ती गाळण्या वाटता याव्यात आणि मुलांना लसी देता याव्यात म्हणून, आणि तो युद्धविराम सुमारे सहा महिने टिकला. भारतातला नारू मात्र आपल्याच आरोग्य कर्मचाऱ्यांनी गावोगावच्या पायविहिरी बंद करून, पाण्यात ते सूक्ष्म जीव मारणारे रसायन टाकून संपवला, हेही सांगायलाच हवे. २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले.

महाराष्ट्राशी या घराचा एक धागा जुना आहे. कार्टरांच्या आई लिलियन या परिचारिका होत्या. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, १९६६ मध्ये, त्या पीस कोअर या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक संघटनेतून मुंबईला आल्या आणि विक्रोळीत जवळजवळ दोन वर्षे रुग्णसेवा करत राहिल्या. शेतघराच्या खोल्यांत फिरताना मला राहून राहून त्या बाईंचे आश्चर्य वाटत होते: हा सपाट, शांत मुलूख सोडून विक्रोळीच्या पावसात आणि गर्दीत त्या कशा रुळल्या असतील? पुढे २००६ मध्ये त्यांचा मुलगा जिमी आणि सून रोझलिन लोणावळ्याजवळच्या मळवलीत आले आणि हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटीच्या स्वयंसेवकांबरोबर हातात हातोडी घेऊन गरिबांची घरे बांधू लागले. कार्टर तेव्हा ८२ वर्षांचे होते. या संस्थेचा जन्म प्लेन्सशेजारच्याच अमेरिकस गावातला.

परतताना त्यांच्या घरावरून गेलो. १९६१ मध्ये बांधलेले, एकमजली, विटांचे. पुण्यातल्या एखाद्या निवृत्त प्राध्यापकाचा बंगला याहून भपकेबाज असेल. २९ डिसेंबर २०२४ रोजी, शंभरी ओलांडून, ते याच घरात वारले आणि आवारातच रोझलिन यांच्या शेजारी त्यांचे दफन झाले. आपल्या आधी शेवटचा नारू मरावा, अशी इच्छा त्यांनी २०१५ मध्ये कर्करोगाचे निदान जाहीर करताना बोलून दाखवली होती. त्यांच्या निधनाच्या वर्षी जगभरात नारूचे १५ रुग्ण सापडले.

संध्याकाळी आईला फोन करून आजीचा नारू कोणत्या पायाला होता ते विचारले. डाव्या, ती म्हणाली, आणि तो काढायला अठरा दिवस लागले होते.